रेस गाडीच्या टाकीत फ्युएल लेव्हल सेन्सर कोणता टाकावा? फ्लोटवाला का कॅपॅसिटिव्ह?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. जुनी झेन ट्रॅकसाठी बनवून राहिले, डिकीत ५० बाय ३० बाय २० सेंटीमीटरची अल्युमिनियमची टाकी बसवली, आत फोम आहे, जुनं टँक युनिट टाकून पाहिलं तर वळणावर काटा नाचते, म्हणून आता फ्लोटवाला घ्यावा का कॅपॅसिटिव्ह यात अडकले. मी यवतमाळ जिल्ह्यात ट्रॅक्टर आन गाड्यांचं वायरिंग करतो, मधात काही पोरांच्या ऑटोक्रॉसच्या गाड्या पण केल्या, त्यावरून सांगतो. सेन्सर कोणता ते मागून पाहू, पहिले तो टाकीत कुठं उभा राहणार ते ठरवा, कारण जागा चुकली तर वीस हजाराचा सेन्सर पण खोटंच बोलते.

उन्हाळ्यात आपल्याकडे अर्धा भरलेला पाण्याचा टँकर वळणावर कसा झुकते ते पाहिलंच असेल, तुमच्या टाकीत तेच होऊन राहिलं. हिशोब सोपा आहे. गाडी वळणावर १ जी (म्हणजे वजनाएवढाच बाजूचा जोर) ओढत असली तर पेट्रोलचा वरचा थर ४५ अंशात तिरपा होते. तुमची टाकी ५० रुंद आणि २० उंच. अर्धी भरली म्हणजे १५ लिटर, तर नुसत्या ०.४ जी ला एका बाजूचं पेट्रोल झाकणाला टेकते आणि दुसऱ्या बाजूचा तळ कोरडा पडते. पण बरोबर मधोमध मात्र लेव्हल तेवढीच राहते, १० सेंटीमीटर. म्हणून सेन्सर मधात. कोपऱ्यात बसवलेलं युनिट एका वळणाला फुल दाखवते आणि दुसऱ्याला रिकामं, त्यात युनिटची काही चूक नाही.

पण इथं अजून एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. समजा साडेसात लिटर उरलं, म्हणजे पाव टाकी, आणि चांगले टायर आहेत म्हणून गाडीनं ०.८ जी ओढला. आता कागदावर त्रिकोण काढून पाहा, सगळंच्या सगळं पेट्रोल २५ सेंटीमीटर रुंदीत, म्हणजे अर्ध्या टाकीत जमा होते आणि बरोबर मधली जागा कोरडी. म्हणजे मधातला सेन्सर पण झिरो दाखवणार, आणि पंपाची सक्शन मधात असली तर इंजिन पण खोकलणार. फोमनं हे थांबत नाही बरं, फोम फक्त पेट्रोलच्या धडका हळू करते, लंबं वळण असलं तर पेट्रोल शेवटी जायचं तिथं जातेच. म्हणून पाव टाकीच्या खालच्या रीडिंगवर वळणात भरोसा ठेवूच नका, लॉगरमध्ये (गाडीचे आकडे नोंदवणारा डबा) जी सेन्सर असला तर अशी सेटिंग करा की गाडी सरळ चालून राहिली तेव्हाचंच रीडिंग धरलं जाईल, नसला तर वीसतीस सेकंदांचं अ‍ॅव्हरेज लावा. काटा हळू हलला तर काही बिघडत नाही, पेट्रोल काही एका सेकंदात संपत नाही.

आता सेन्सर. दांडीच्या टोकाला फ्लोट असलेलं जुनं युनिट फोमवाल्या टाकीत टाकू नका, दांडीला झुलायला जागा लागते, तेवढा फोम कापला तर फोम ठेवून फायदा काय, आणि नाही कापला तर फ्लोट अडकून बसते. तुम्हाला उभ्या नळीवालं पाहिजे. त्यात दोन प्रकार.

एक म्हणजे रीड स्विचवालं, नळीवर चुंबकाचा फ्लोट वरखाली सरकते आणि चुंबक जवळ आलं की आतले स्विच एकेक करून जुळतात. स्वस्त, दणकट, पेट्रोल कोणतं आहे याच्याशी याला घेणंदेणं नाही. पण हे पायऱ्यापायऱ्यानं चालते. तुमच्या टाकीत १ सेंटीमीटर म्हणजे दीड लिटर, तर स्विच १ सेंटीमीटरवर असले की काटा दीड लिटरच्या उड्या मारणार. पसरट टाकीचा हा तोटाच आहे, हीच ३० लिटरची टाकी उंच केली असती तर बरं झालं असतं, पण डिकीत कुठं बसवता. घेताना पायरी किती मिलिमीटरची आहे ते विचारा, दुकानदार सांगत नसला तर मल्टिमीटर लावून फ्लोट हातानं सरकवून पाहा, कळून जाते. आणि वरून जाळीची किंवा भोकाभोकाची बाहेरची नळी असलेलंच घ्या, नाही तर फ्लोट फोमला घासते.

दुसरं कॅपॅसिटिव्ह. एकात एक दोन नळ्या, मधात पेट्रोल चढते तसा कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) वाढते, हलणारा पार्ट काहीच नाही, रीडिंग सलग, आणि नळीच्या खाली बारीक भोक असलं तर धडका आपोआप दबतात. ट्रॅकवाले लोकं हेच लावतात आणि बरोबर लावतात. अडचण आपल्या पेट्रोलची आहे. साध्या पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक आकडा (ज्यावर तो कपॅसिटन्स ठरते) २ च्या आसपास, हवेचा १, आणि इथेनॉलचा २५ च्या जवळ. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल भेटते. तुम्ही घरी त्याच्यावर कॅलिब्रेट केलं आणि कोइम्बतूरला करी स्पीडवेवर जाऊन बिनइथेनॉलचं हाय ऑक्टेन भरलं, की सेन्सर भरल्या टाकीला पण कमी दाखवणार. उलटं केलं तर त्याहून वाईट, आहे त्यापेक्षा जास्त दाखवणार. खाली वेगळा रेफरन्स भाग असलेले येतात ते पेट्रोल बदललं तरी सांभाळून घेतात, पण महाग आहेत. म्हणून माझं मत: एकच पेट्रोल वापरणार हे पक्कं असलं तर कॅपॅसिटिव्ह घ्या, जिथं जे भेटलं ते भरणार असाल तर बारीक पायरीचं रीडवालं. तुमच्या प्रश्नावरून तर तुम्ही जे भेटलं ते भरणाऱ्यांतले वाटता.

वायरिंगमध्ये एक नक्की पाळा, रीडवाल्या युनिटला सरळ १२ व्होल्ट देऊ नका, आतले रेझिस्टर जळतात आणि ते पेट्रोलमध्ये जळतात हे लक्षात ठेवा. रीडवालं बहुतेक १० ते १८० ओहमचं भेटते (रिकामं १०, फुल १८०) नाही तर २४० ते ३३ चं, त्यात उलटं असते, २४० म्हणजे रिकामं. १० ते १८० वाल्याला लॉगरच्या ५ व्होल्टवरून १०० ओहमचा अर्धा वॅटचा रेझिस्टर लावून द्या, रिकाम्याला ०.४५ आणि फुलला ३.२ व्होल्ट येते. पोरं १ किलोओहम लावतात, मग सगळी टाकी ०.०५ ते ०.७६ मध्ये दबून बसते आणि मग म्हणतात सेन्सर खराब. अर्थची वायर बॉडीवर नको, वेगळी ओढून लॉगरच्या सेन्सर ग्राउंडवर न्या.

झाकणाला लाल सिलिकॉन लावू नका, गॅरेजवाले हटकून लावतात, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटते आणि फिल्टरमध्ये जाते. व्हिटॉनचं (पेट्रोलला टिकणारं रबर) गॅस्केट मागा. टाकीत एकदा पेट्रोल भरून झालं असलं तर भोक पाडायला स्वतः ड्रिल घेऊन बसू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा खतरनाक राहते. आणि पुढं एफआयएचा (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) एफटी३ ब्लॅडर, म्हणजे रबरी पिशवीची सेफ्टी टाकी, लागणाऱ्या मोठ्या स्पर्धेत उतरायचं असलं तर तिथं स्वतःचं भोक चालतच नाही, सेन्सर वरच्या प्लेटमधूनच जाते.

कॅलिब्रेशन गाडी सपाट जागेवर, ड्रायव्हर सीटवर बसवून. दोनदोन लिटर टाकत जा आणि दर वेळी व्होल्टेज लिहा, मग तसंच काढत उलटं पण लिहा, फ्लोट अडकत असला तर चढतीउतरतीच्या आकड्यात फरक दिसते. लिटर मापानं मोजण्यापेक्षा वजन करा, पेट्रोल लिटरला ७४० ग्रॅमच्या आसपास भरते. ३० किलोवाला किराण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरते, जिनिंगच्या वजनकाट्यावर नेऊ नका म्हणजे झालं. वजन यासाठी की आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री होते, सकाळी २५ डिग्रीत भरलेलं ३० लिटर दुपारी अर्धा लिटरहून जास्त फुगते, लेव्हल वाढते पण पेट्रोल तेवढंच असते.

रेसमध्ये किती लॅप बाकी हे मात्र सेन्सरवरून ठरवू नका. इसीयूमध्ये (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टरचा फ्लो आणि उघडं राहायचा वेळ यावरून खर्च झालेलं पेट्रोल निघते, तो आकडा आणि भरताना केलेलं वजन हे मेन, सेन्सर पडताळ्यासाठी. नुसत्या हिशोबावर पण जाऊ नका. २०२१ च्या हंगेरीच्या एफ१ रेसमध्ये ड्रायव्हर व्हेटेल दुसरा आला, नियमानं तपासणीसाठी टाकीतून १ लिटर निघायला पाहिजे, निघालं ०.३ लिटर. टीमच्या हिशोबानं १.७४ लिटर उरलं होतं. गडी बाद.

पैसे मोजकेच असतील तर लेव्हल सेन्सर साधा घ्या आणि वाचलेल्या पैशात एक लिटरचा कलेक्टर (मेन टाकी आणि इंजिनच्या मधली छोटी टाकी) करून त्यात वेगळा लो फ्युएल स्विच टाका, लाल लाइट डोळ्यासमोर. मेन टाकीत पेट्रोल इकडंतिकडं पळालं तरी कलेक्टर भरलेला राहते, इंजिन खोकलत नाही, आणि तो लाइट लागला म्हणजे खरंच आत यायची वेळ झाली.

तुमचा लॉगर कोणता आहे आणि त्याचे अ‍ॅनालॉग इनपुट किती व्होल्टचे आहेत ते लिहा, २४० ते ३३ वालं भेटलं तर त्याला रेझिस्टर वेगळा लागते, तो काढून देतो.