टॅबवर चित्र काढायला बसलं की हात का आखडतो?

"ताई, टॅब घेतला, पेन घेतला, ॲप टाकलं. पण बसलं की हातच चालत नाही."

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की पुढचं काय येणार ते आता ओळखता येतं. कुणी म्हणतं, एवढे पैसे उगंच घातले. कुणी म्हणतं, या वयात कुठं हात वळणार. बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंना वाटत होतं की काचेवर काढलेलं ते चित्रच नव्हे, यंत्रानं केलेली लबाडी आहे. चित्र काढणं हा त्यांच्यापैकी कुणाच्याच पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. छंद म्हणून घेतलेली गोष्ट माणसाला एवढी का छळते, याचं उत्तर मला एका निवृत्त गुरुजींसोबत काम करताना सगळ्यांत स्पष्ट दिसलं. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून आणि बऱ्याच भेटी थोडक्यात आणून लिहिते आहे.

गुरुजी परभणी जिल्ह्यातले. जिल्हा परिषदेच्या शाळेत सारी नोकरी झाली, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. पुण्याच्या लेकीनं दिवाळीला पेनासकट टॅब दिला. माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. सोबत काकू होत्या आणि खरी हकीगत त्यांनीच सांगितली. "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या पाटीवर काढायलेत अन् पुसायलेत. सकाळी बघावं तर एक चित्र नाही. बोलावं तर अंगावर येतेत."

मी टॅब बघायला मागितला. कोऱ्या पानांची रांग. एका पानावर बैलाचं एकच शिंग होतं.

"गुरुजी, पुसता कधी?"

"चुकलं की."

"चुकलं हे कसं कळतं?"

"कळतंय की, ताई. रेघ वाकडी गेली की पोटात गोळा येतो."

"त्या वेळी कोण बघत असल्यासारखं वाटतं?"

या प्रश्नाला त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. पुढच्या भेटीत स्वतःहून दिलं. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा त्यांनी दिल्या होत्या. एलिमेंटरीला चांगली श्रेणी मिळाली, इंटरमीजिएटला 'क'. चित्रकला महाविद्यालयात जायचं मनात होतं. घरच्या एका वडीलधाऱ्या माणसानं निकालाचा कागद बघून विषय संपवला: क श्रेणीवर पोट भरत नाही. गुरुजी डी.एड.ला गेले. "चांगलंच झालं ते, नोकरी लागली," असं ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. पण चाळीस वर्षांनी पेन हातात घेतल्यावर तो निकालाचा कागद पुन्हा समोर आला होता.

इथं टॅबचा एक गुण समजून घ्यायला हवा. कागदावर खोडरबर घासला की कागद काळवंडतो, फार घासला तर फाटतो. म्हणून माणूस कंटाळून का होईना, वाकड्या रेघेसकट पुढं जातो. टॅबवर कित्येक ॲपमध्ये दोन बोटं टेकली की शेवटची रेघ गायब होते, पुन्हा टेकली की तिच्या आधीची. प्रोक्रिएटसारख्या ॲपमध्ये अशी अडीचशे पावलं मागं जाता येतं. काम करणाऱ्या चित्रकाराला ही मोठीच सोय आहे. पण ज्याच्या मनात परीक्षक बसलेला आहे, त्याच्या त्या परीक्षकाच्या हातात आपण कधी न झिजणारा खोडरबर दिलेला असतो. आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत परीक्षकच काम करतो, चित्रकाराची पाळीच येत नाही.

गुरुजींना हे समजावून सांगून भागलं असतं असं मला वाटत नाही. माणसाला कळतं सगळं, वळत नाही. माझी स्वतःची श्रद्धा खेळावर आहे. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. लहान मुलांशी बोलताना ते कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढत आणि मुलाला म्हणत, याचं काहीतरी कर. मग मूल रेघ ओढी आणि विनिकॉट तिचं काहीतरी करत. माणूस खेळतो तेव्हाच तो मोकळेपणी काही घडवू शकतो आणि त्यातूनच स्वतःला सापडतो, हे त्यांचं म्हणणं मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते माझ्याकडे येणाऱ्या माणसांमुळे.

तर एका भेटीत मी गुरुजींचा टॅब माझ्याकडे ओढला आणि डोळे मिटून बोटानं एक वेटोळी रेघ काढली. "याचं काहीतरी करा."

ते टॅबकडे बघत बसले. सवयीनं दोन बोटं काचेवर आली आणि मध्येच थांबली.

"काय झालं?"

"ही तुमची रेघ आहे."

"मग?"

"तुमची कशी पुसू?"

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसायला शिकावं, हे मी नव्या मुलांना नेहमी सांगते. गुरुजींनी टॅब आडवा केला, उभा केला, आणि पेन घेऊन त्या वेटोळ्याला वशिंड केलं. मग मान, मग पोळ्याची झूल. एक पाय आखूड झाला होता. त्यांनी त्या पायाखाली ढेकूळ काढलं आणि पाय बरोबर टेकला. पेन न थांबता चाललेलं मी पहिल्यांदा बघत होते. काढून झाल्यावर ते मोठ्यानं हसले.

"फळ्यावर असंच व्हायचं बघा, ताई."

"फळ्यावर?"

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आधीच्या एकाही भेटीत आलं नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं ते रोज फळ्यावर चित्रं काढत होते. जलचक्र, गोदावरीचं खोरं, ज्वारीच्या रोपाचे भाग, आजोबांची गोष्ट सांगताना आजोबा. पोरं ओरडायची, गुरुजी, शेपूट राहिलं. ते शेपूट काढायचे. तास संपला की डस्टरनं सगळं पुसायचे, आणि त्याचं कधी काही वाटलं नाही.

"तेव्हाही पुसतच होता की," मी म्हटलं.

"ते वेगळं. ते झाल्यावर पुसायचो. हे होऊच देईना गेलोय."

त्या तासाला मला शिकवायचं काही उरलं नव्हतं. जे मी सांगणार होते त्यापेक्षा त्यांचं वाक्य सरस होतं. मला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली आणि तेव्हापासून मी ती वापरते आहे: हौशी चित्रकाराला आधी विचारायचं, हे चित्र कुणासाठी आहे? फळ्यावरचं चित्र चौथीच्या पोरांसाठी होतं. रात्री दोनचं चित्र परीक्षकासाठी होतं. पेन धरणारा हात दोन्हीकडे तोच. डेव्हिड हॉकनी हा जगप्रसिद्ध ब्रिटिश चित्रकार २००९ मध्ये आयफोनवर आणि २०१० मध्ये आयपॅडवर चित्रं काढायला लागला, तेव्हा त्याची सत्तरी उलटलेली होती. सकाळी फुलं काढून तो ती मित्रांना फोनवर पाठवायचा. वयाचा मुद्दा तिथंच निकालात निघतो, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते चित्र कुणाकडे तरी जाणं.

म्हणून पहिला सल्ला हाच: एक माणूस ठरवा. नात, मैत्रीण, शेजारचं लेकरू. इन्स्टाग्रामवर टाकायची घाई करू नका. तिथं किती जणांनी पाहिलं याचा आकडा दिसतो, आणि आकडा दिसला की परीक्षक जागा होतो.

दुसरं, मागं जाण्याची ती सोय. ती बंद करा असं मी सांगत नाही, कारण बंदी घातली की मन तिथंच घुटमळतं. त्याऐवजी थर वापरा, म्हणजे ॲपमधले लेअर, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे. चुकलेल्या रेघांचा थर पुसू नका, फिका करा, त्यावर नवा थर घ्या आणि पुन्हा काढा. खालची चूक दिसत राहते आणि वरच्या हाताला वाट दाखवते. गुरुजींना हे पटवायला मला अजिंठा पुरला, कारण शाळेच्या सहली घेऊन ते तिथं गेलेले. तिथं आधी खडकावर मातीचा गिलावा दिलाय, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रेखाटन, मग रंग. थरांवर थर देणं यंत्रानं आणलेली लबाडी नाही, आपल्या मराठवाड्याच्या डोंगरात ते दीड-दोन हजार वर्षांपूर्वी झालेलं आहे. आणि अपूर्ण चित्राची लाज वाटणाऱ्यांनी चोविसावं लेणं आठवावं. खोदकाम अर्धवट राहिलेलं, तरी लोक तिथं थांबून बघतातच.

खर्चाबद्दल थोडक्यात. शिकायला महागडं यंत्र लागत नाही. प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर चालतं, त्याचे पैसे एकदाच भरावे लागतात. अँड्रॉइडवर आयबिस पेंट फुकट वापरता येतं, क्रिटाही फुकट आहे. काच गुळगुळीत लागते म्हणून रेघ सटकते, ती तुमच्या हाताची चूक नव्हे. खरखरीत पृष्ठभागाचा स्क्रीनगार्ड लावला की पेन जरा अडतं आणि बरं वाटतं. ब्रश शेकड्यांनी असतात. पहिले काही आठवडे एकच ब्रश आणि तीन रंग घेऊन बसा. ब्रश शोधत बसणं हासुद्धा न काढण्याचाच एक मार्ग आहे, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

हल्ली एक नवी शंका येते: एआय क्षणात चित्र देतं, मग मी कशाला मान मोडू? मी उलट विचारते, बाजारात तयार पोळ्या मिळतात म्हणून घरात कणीक मळायची कुणी थांबलंय का? तुम्हाला चित्र हवं असेल तर ते कुठूनही मिळेल. काढायचं असेल तर मात्र दुसरं कुणी तुमच्यासाठी काढू शकत नाही.

झोपेचं म्हणाल तर गुरुजींच्या बाबतीत आम्ही वेळच बदलली. चित्र सकाळी, चहानंतर, काकूंच्या समोर ओसरीत. रात्री टॅब दुसऱ्या खोलीत. रात्रीसाठी टॅबचा पडदा पिवळसर करणारी सोय चालू असली की रंगही फसवतात, हे त्यांना नंतर स्वतःलाच कळलं. झोप हळूहळू रुळावर आली. पण प्रत्येकाचं एवढ्यावर भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हा छंदाचा प्रश्न राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेली मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

गुरुजी आता झोपेसाठी येत नाहीत, मधूनच फोन करतात. मागच्या वेळी आवाज चढलेला होता. गावातल्या अंगणवाडीसाठी त्यांनी जलचक्राचं मोठं चित्र केलं आणि तालुक्याला जाऊन फ्लेक्सवर छापून घेतलं, तर ज्वारीचा हिरवा पार मळकट आला. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, छापील रंग शाईचा, त्यामुळे झगझगीत हिरवा छपाईत तसा उतरत नाही, हे मी सांगितलं. ए-४ आकारात छापायचं तर कॅनव्हास २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा घ्या म्हणजे तीनशे डीपीआय, दर इंचाला तीनशे ठिपके, मिळतात, हेही सांगितलं. ते सगळं त्यांनी लिहून घेतलं.

"मग आता ते चित्र पुसणार?" मी विचारलं.

"पुसू कामून? अंगणवाडीत लावलंय ते. पोरं म्हणायलीत, ढगाला डोळे काढा. पुढच्या वेळी आधी लहान नमुना छापून बघतो, मग मोठा."