लाळग्रंथीचा संथ कॅन्सर अचानक आक्रमक कसा झाला? आधीचा रिपोर्ट चुकीचा होता का?

तुमच्या आईच्या कानाखाली दहा वर्षं गाठ होती, तीन महिन्यांत ती वाढली, सुईच्या तपासणीत ‘ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा’ (लाळग्रंथीचा एक कॅन्सर) आलं आणि ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात ‘हाय ग्रेड ट्रान्सफॉर्मेशन’ हे शब्द आले, असं तुम्ही लिहिलंय. हेच शब्द मी चार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या रिपोर्टात वाचले होते. मी डॉक्टर नाही, पण त्या दिवसांत जे समजून घ्यावं लागलं ते सांगतो.

पहिला रिपोर्ट चुकलाच असेल असं धरू नका. हा कॅन्सर मुळात संथ असतो, वर्षानुवर्षं रेंगाळतो. क्वचित एखाद्याच्या गाठीत एका भागातल्या पेशी आपलं मूळ रूप सोडतात आणि झपाट्याने वाढायला लागतात. यालाच हाय ग्रेड ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. बाकीची गाठ जुन्याच चालीने चाललेली असते. सुई त्या जुन्या भागात शिरली तर रिपोर्टही जुनाच येणार. आप्पा करवीर तालुक्यातले ऊसवाले. त्यांना मी सांगितलं, फडाच्या एका कोपऱ्यात तांबेरा पडलाय आणि आपण बांधावरच्या उसाचं पान बघून आलोय. त्यांना लगेच कळलं. म्हणाले, “मग सगळा फड बघा की.”

आणि नेमकं तेच करायचं असतं. ऑपरेशनमधून काढलेल्या गाठीचे मेणातले ठोकळे (लॅबवाले त्यांना ब्लॉक म्हणतात) आणि काचेच्या स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात. रीतसर अर्ज केला की त्या दुसऱ्या मतासाठी मिळतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरचा रोजचा सराव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून त्या पुन्हा तपासून घ्याच. लाळग्रंथीचे ट्यूमर दुर्मिळ, त्यात प्रकार वीसच्या वर, आणि एकाचं रूप दुसऱ्यासारखं दिसतं. आमच्याकडे पहिल्या लॅबने ब्लॉक द्यायला तीन आठवडे घालवले. ते तीन आठवडे मला अजून डाचतात. मी रोज जाऊन बसायला हवं होतं.

‘हाय ग्रेड ट्रान्सफॉर्मेशन’ या शब्दांनी उपचार बदलतात, म्हणून एवढा आग्रह. साधा ॲडेनॉइड सिस्टिक मानेतल्या लसिकागाठींत (लिम्फ नोडमध्ये) तुलनेने कमी जातो. रूप बदललेला पुष्कळ जास्त वेळा जातो. त्यामुळे मानेतल्या या लसिकागाठी काढल्या का, नसतील तर आता काढायच्या का, हे सर्जनना स्पष्ट विचारा. छातीचा सीटी झाला नसेल तर करून घ्या, कारण हा आजार फुफ्फुसांकडे धावतो. चेहऱ्याची नस कानाखालच्या याच लाळग्रंथीतून जाते आणि या कॅन्सरला नसांच्या कडेने सरकायची खोड आहे, म्हणून एमआरआय. ऑपरेशननंतरचं रेडिएशन साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं, असं आम्हाला सांगितलं होतं. नुसत्या केमोने यात फारसं साधत नाही. रूप बदलल्यावर धोका वाढतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

रेडिएशनच्या आधी दातांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा. वाचवता न येणारे किडके दात आधीच काढावे लागतात. नंतर काढले तर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. आप्पांची लाळ आटली. भाकरी घशाखाली उतरेना, तांबडा रस्सा तर तोंडाला लावता येईना. माझ्या आईने पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करून दिली, तिखट बिलकूल नाही, त्यावर ते दोन महिने निघाले. चेहऱ्याच्या नसेला धक्का लागून तुमच्या आईचा डोळा नीट मिटत नसेल तर दिवसा डोळ्यात थेंब आणि रात्री मलम, यात हयगय करू नका.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. गल्लीत जो भेटला त्याने विचारलं, “तंबाखू खात होते काय?” आप्पांनी कधी चुना मळला नव्हता. तोंडाच्या कॅन्सरशी तंबाखूचं जे नातं आहे, ते या कॅन्सरशी आढळलेलं नाही. यात बहुतेकदा पेशीतले दोन जनुक तुटून चुकीचे जोडले गेलेले असतात. त्यात माणसाची काही चूक नसते. तुमच्या आईलाही कोणी असं विचारलं तर तुम्ही मध्ये पडा, त्यांना उत्तर द्यायला लावू नका.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

आप्पांच्या ऑपरेशनला या दिवाळीत चार वर्षं होतील. फुफ्फुसात दोन बारीक ठिपके आहेत, त्यांच्यावर लक्ष आहे. सध्या ते सकाळी मळ्यात जाऊन येतात. ब्लॉक घेऊन मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळला टाटाला गेलो होतो. तुम्ही नेणार असाल तर डबा उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. स्लाइड कापसात गुंडाळा, आणि मूळ रिपोर्टच्या दोन झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवा.