थीसिस झाला, आता पेपर कसा पाठवू? आणि ३५ हजार देऊ का?

पत्र थोडक्यात असं: "मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात एमडी स्किनला आहे, जेआर थ्री, म्हणजे तिसऱ्या वर्षाला. थीसिस सबमिट झाला. विषय, नायट्याच्या पेशंटमध्ये स्टिरॉइड क्रीमचा वापर आणि त्याचा रोजच्या आयुष्यावर परिणाम. गाइड म्हणतात पेपर लिही, पण कसा ते कुणी बसून सांगत नाही. व्हॉट्सॲपवर एक जण भेटलाय, ३५ हजारात पंधरा दिवसांत पबमेड इंडेक्स्ड जर्नलमध्ये छापून देतो म्हणतो. बाबा पैसे द्यायला तयार आहेत. याच डेटाचं क्युटिकॉनला, स्किनवाल्यांच्या कॉन्फरन्सला, पोस्टर झालंय, मग पेपर चालतो का? पुढे असिस्टंट प्रोफेसर व्हायचंय. पोस्टरची फाइल जोडलीये."

डॉक्टर, आधी बाबांना फोन कर आणि सांग की पैसे बँकेतच राहू द्या. पंधरा दिवसांत छापून देतो म्हणजे कुणीही वाचणार नाहीये, रिव्ह्यू वगैरे काही होणार नाहीये, आणि पेपर एकदा तिथे छापला गेला की तोच डेटा चांगल्या जर्नलला पाठवता येत नाही, म्हणजे तुझी तीन वर्षांची ओपीडी तिथे अडकली. फी घेणं हा गुन्हा नाही हेही सांगते, कारण पोरं लगेच उलट टोकाला जातात. चांगली ओपन ॲक्सेस जर्नल्सही (कुणालाही फुकट वाचता येणारी) फी घेतात, पण ती रक्कम वेबसाइटवर लिहिलेली असते, साधारणपणे पेपर स्वीकारल्यानंतर मागतात, आणि कुणाच्या पर्सनल जीपेवर मागत नाहीत.

आता 'पबमेड इंडेक्स्ड'चं, म्हणजे जर्नल पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत आहे या दाव्याचं. त्याला जर्नलचं पूर्ण नाव आणि आयएसएसएन विचार, आणि एनएलएम कॅटलॉग (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची यादी) उघडून स्वतः शोध, तिथे मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडच्या मुख्य यादीत, सध्या आहे की नाही ते स्पष्ट लिहिलेलं असतं. आयएसएसएन असणं म्हणजे दर्जा नाही, तो नुसता नोंदणी नंबर. गूगल स्कॉलरमध्ये दिसणं म्हणजे इंडेक्सिंग नाही. खऱ्या जर्नलच्या नावानं खोटी वेबसाइट काढणारेही आहेत, तेव्हा लिंक त्यानं पाठवलेली उघडू नकोस, कॅटलॉगमधून जा. आणि यूजीसी केअर लिस्टमध्ये (यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीत) आहे असं म्हणाला तर हस, ती यादी यूजीसीनं २०२५ मध्ये बंद केली.

करिअरच्या दृष्टीनं एक गोष्ट लक्षात ठेव. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२२ च्या फॅकल्टी नियमांत प्रमोशनसाठी ओरिजिनल आर्टिकल, मेटा-ॲनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, केस सिरीज एवढंच धरलं होतं, सुटा केस रिपोर्ट नाही, आणि डेटाबेसचीही यादी दिली होती. २०२५ ला नवे नियम आले, त्यामुळे सीनियर काय म्हणतो त्यावर जाऊ नकोस, एनएमसीच्या साइटवरचं ताजं गॅझेट डाउनलोड करून वाच. पण तुझा थीसिस ओरिजिनल स्टडी आहे, त्याचा पेपर कुठल्याही नियमात कामाचाच.

विषयही वेळेवरचा आहे. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावून पसरलेला नायटा हा आपल्या प्रत्येक स्किन ओपीडीचा रोजचा धंदा आहे, २०१८ मध्ये सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांत, टाकली तरी ट्यूब काउंटरवर मिळतेच. ट्रायकोफायटन इंडोटिनी (नायट्याच्या बुरशीचा एक प्रकार) हे नाव २०२० ला पडलं आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या पेशंटमध्ये तो सापडल्याचं अमेरिकेच्या सीडीसीनं छापलं, तेव्हापासून भारतातला नायटा हा परदेशी एडिटरलाही वाचावासा वाटणारा विषय झालाय. तुझ्याकडे बुरशी ओळखणारं कल्चर किंवा सिक्वेन्सिंग नसेल तर मात्र ते नाव फक्त पार्श्वभूमीत येऊ दे, तुझ्या पेशंटना तोच होता असं सुचवू नकोस.

लिहायला बसल्यावर सगळ्यात मोठी अडचण होते ती म्हणजे थीसिसची वर्ड फाइल उघडून ती छोटी करायला जाणं. तसं करू नकोस. थीसिसमध्ये सगळं असतं कारण एक्झामिनरला दाखवायचं असतं की मी सगळं केलं. पेपरला एकच प्रश्न लागतो. कोऱ्या पानावर आधी तो प्रश्न मराठीत लिही, म्हणजे तुला तो खरंच कळलाय का ते कळेल. उदाहरणार्थ, 'स्टिरॉइड लावलेल्या पेशंटचा डीएलक्यूआय (त्वचारोगाचा रोजच्या आयुष्यावरचा परिणाम मोजणारा स्कोअर) न लावलेल्यांपेक्षा जास्त खराब असतो का?' किंवा 'ट्यूब नेमकी कोण सुचवतं?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यातला एक मुख्य कर, दुसरा टेबलात एका ओळीत येऊ दे. गाइडला दोन्ही हवे असतील तर समजावून सांग, पण एकाच डेटाचे चार तुकडे करून चार पेपर काढायचा मोह कुणी दाखवला तर नाही म्हण, एडिटर लोक त्याला सलामी स्लायसिंग म्हणतात आणि पकडतात.

टायटलही तेव्हाच सुधारतं. 'अ स्टडी ऑफ क्लिनिको-एपिडेमिऑलॉजिकल प्रोफाइल ऑफ अमुक इन अ टर्शरी केअर हॉस्पिटल' या साच्याचे पेपर एडिटरच्या टेबलावर ढिगानं येतात आणि ढिगानंच परत जातात. टायटलमध्ये काय मोजलं, कुणात मोजलं आणि स्टडी कसला होता एवढं दिसलं पाहिजे, क्रॉस-सेक्शनल (प्रत्येकाला एकदाच तपासलेला) तर क्रॉस-सेक्शनल लिही, लाजायचं काय त्यात.

मेथड्समध्ये रिव्ह्यूअर खरे प्रश्न विचारतो, म्हणून ते आधी स्वतःला विचार. पेशंटनं कुठली ट्यूब लावली हे तुला कसं कळलं? त्यानं रिकामी ट्यूब आणली, की तू फोटोंचा चार्ट दाखवलास, की तो नुसतं म्हणाला 'ती हिरव्या पट्ट्याची'? तिन्हींचा भरवसा वेगवेगळा आहे आणि तो जसा आहे तसा लिहायचा. केओएच (बुरशी बघायची स्लाइड टेस्ट) कुणी वाचला, स्टिरॉइड किती दिवस लावलं तर 'वापर' धरलास, निगेटिव्ह केओएचवाले घेतलेस की काढलेस, हे सगळं एकेका वाक्यात. डीएलक्यूआयचा स्कोअर ० ते ३० असतो, त्याच्या फॉर्मवर कॉपीराइट आहे, तेव्हा मराठी फॉर्म कुठून घेतला आणि परवानगीचं काय केलं ते लिही. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा नंबर आणि तारीख लागते, आणि ती तारीख पहिल्या पेशंटच्या आधीची असली पाहिजे, हे मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता) उघडून तपास. तुझा स्टडी ऑब्झर्व्हेशनल आहे म्हणून स्ट्रोब चेकलिस्ट (अशा स्टडीच्या पेपरात काय काय लिहायचं त्याची यादी) डाउनलोड कर आणि लिहायच्या आधी वाच, शेवटी पान नंबर भरायला नाही. ज्युनियरपैकी कुणी ट्रायल करत असेल तर त्याला सांग, सीटीआरआय (भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदवही) रजिस्ट्रेशन पहिला पेशंट घेण्याआधीच व्हायला हवं, मागाहून होत नाही.

फोटो. स्किनचा पेपर अर्धा फोटोवर वाचला जातो आणि आपल्याकडे फोटोचीच सगळ्यात जास्त वाट लागते. डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून परत डाउनलोड केलेला फोटो अजिबात वापरू नकोस, त्याचा दर्जा तिथेच मेलेला असतो, ज्याच्या फोनमधून काढला त्याच्याकडून ओरिजिनल फाइल मेलनं किंवा केबलनं घे. ब्यूटी मोड, फिल्टर, कलर सुधारणं, काहीही नको. मांडीवरचा प्लाक (उंचावलेला चट्टा) असेल तर मागे चादरीची फुलं, केसपेपरचा कोपरा, नातेवाइकाचा हात हे कापून टाक, आणि केसपेपरवर नाव दिसत नाहीये ना ते झूम करून बघ. वर्डमध्ये चिकटवायचा नाही, वेगळी जेपेग फाइल, साइज जर्नलनं सांगितल्याप्रमाणे.

मग लेजंड, म्हणजे फोटोखालचा मजकूर. 'फिगर १: टिनिया' (नायटा) याला लेजंड म्हणत नाहीत. असं लिही की पेपर न वाचता नुसता फोटो बघणाऱ्याला कळेल: किती वर्षांचा पुरुष की बाई, कुठली बाजू, किती महिने कुठलं स्टिरॉइड लावलं होतं, कडा कुठे पुसट झालीये, रिंगच्या आत रिंग कुठे दिसतेय, स्ट्राया (कातडी ताणल्याच्या रेघा) कुठे आहेत, आणि बाण कशाकडे आहे. हिस्टोपॅथॉलॉजी असेल तर स्टेन आणि मॅग्निफिकेशन, डर्मोस्कोपी असेल तर पोलराइज्ड की नॉन-पोलराइज्ड ते. अजून एक. आपल्या सावळ्या कातडीवर एरिथेमा, म्हणजे कातडीवरची लाली, लालभडक दिसत नाही, जांभळट किंवा तपकिरी दिसतो, तर पुस्तकात एरिथेमॅटस आहे म्हणून तेच लिहू नकोस, दिसतो तो रंग लिही आणि फिट्झपॅट्रिक टाइप (कातडीचा प्रकार) दे.

फोटोची परवानगी ही उपचाराच्या संमतीपेक्षा वेगळी असते. फॉर्म मराठीत हवा, त्यात 'फोटो जर्नलमध्ये आणि इंटरनेटवर छापला जाईल, नाव दिलं नाही तरी कुणी ओळखू शकतं' हे पेशंटला समजेल असं लिहिलेलं हवं. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं हा समज सोड, आयसीएमजेई (मेडिकल जर्नलांच्या एडिटरांची आंतरराष्ट्रीय समिती) स्पष्ट म्हणते की तेवढ्यानं ओळख लपत नाही. पेशंट आता सापडत नसेल तर चेहऱ्याचा फोटो वापरायचाच नाही, मग तो कितीही सुंदर आलेला असो.

रिझल्ट्सबद्दल फार सांगत नाही. पुरुष-स्त्री यांचा पाय चार्ट नको, टेबल चार-पाच पुरे, टेबलात दिलेले आकडे पुन्हा वाक्यात दळायचे नाहीत, आणि सॉफ्टवेअरनं पी व्हॅल्यू ०.००० दाखवली तर ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं, शून्य कधीच नसते. पीएसएमच्या (कम्युनिटी मेडिसिन विभागाच्या) स्टॅटिस्टिशियनकडे एकदा पूर्ण चार्ट घेऊन जा, फक्त टेस्ट विचारायला नको. डिस्कशनमध्ये 'अमक्यांच्या स्टडीत इतके टक्के, आमच्यात तितके' ही रांग लावणं थीसिसमध्ये खपतं, इथे पहिल्या परिच्छेदातच तुला काय सापडलं ते सांग, मग ते तसं का असेल, आणि मर्यादा प्रामाणिकपणे, कारण एका सरकारी दवाखान्यातला पेशंट म्हणजे सगळा जिल्हा नाही.

रेफरन्सेस झोटेरोत (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) टाक, फुकट आहे. आणि प्रत्येक रेफरन्स पबमेडवर स्वतः उघडून बघ, कारण एआयला विचारून रेफरन्स घेतले की त्यातले काही जगात अस्तित्वातच नसतात आणि हल्ली एडिटर ते आधी तपासतात. इंग्रजी सुधारायला एआय वापरलंस तर तसं जाहीर कर, जर्नलच्या सूचनांमध्ये कुठे लिहायचं ते असतं. इंग्रजीसाठी कुणाला पैसे देऊन भाषा तपासून घेणं चालतं. लेखक विकत घेणं चालत नाही, एवढाच फरक.

लेखकांची नावं हा खरा नाजूक मामला. आयसीएमजेईचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा गांभीर्यानं सुधारण्यात वाटा, शेवटच्या मसुद्याला मंजुरी, आणि छापलेल्याची जबाबदारी. चारही लागतात. ज्यांनी फक्त पेशंट पाठवले किंवा केओएच लावून दिला त्यांचे आभार माना. आता एचओडी सरांचं नाव नाही टाकलं तर काय होईल हे मला माहितीये, तुलाही माहितीये. त्यावर उपाय भांडण नाही. मसुदा अर्धा असतानाच गाइड, को-गाइड आणि सर, सगळ्यांना एकच मेल टाक, 'कृपया डिस्कशनवर सूचना द्याव्यात आणि लेखकांचा क्रम कळवावा' अशा नम्र भाषेत. ज्यांचा कामात वाटा होता आणि जे खरंच वाचून सूचना, मंजुरी देतात, जबाबदारी घेतात ते लेखक होतातच, आणि क्रम लेखी राहतो. पहिलं नाव तुझं, लिहिलंस तू. करस्पाँडिंग ऑथर कोणीही असो, मेल कायमचा दे, कॉलेज सुटल्यावर बंद पडणारा नको. ऑर्किड आयडी (संशोधकाचा कायमचा ओळख नंबर) आजच काढ, पाच मिनिटांचं काम.

जर्नल कुठलं? आयजेडीव्हीएलपासून (इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रॉलॉजी) विचार करायला हरकत नाही, १९३५ मध्ये मुंबईतून डॉ. यू. बी. नारायण राव यांनी सुरू केलेल्या जर्नलचंच ते आजचं रूप, पण तिथे गर्दी प्रचंड आहे. आयडीओजे (इंडियन डर्मेटॉलॉजी ऑनलाइन जर्नल) आणि कोलकात्याचं इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी हेही बघ. तिन्हींचे गेल्या वर्षभराचे अंक चाळ आणि नायट्यावर त्यांनी अलीकडे काय छापलंय ते बघ, त्यावरून कळेल तुझा पेपर पूर्ण आर्टिकल म्हणून जाईल की रिसर्च लेटर, म्हणजे छोटा लेख, म्हणून. लेटर म्हणजे कमीपणा नाही, पण प्रमोशनला ते धरतात का हे गॅझेटमध्ये बघून मग ठरव.

पाठवताना टायटल पेज वेगळं आणि मुख्य फाइल वेगळी, मुख्य फाइलमध्ये तुमची नावं, कॉलेजचं नाव, गावाचं नाव काहीही नको. एथिक्सच्या वाक्यात कॉलेजचं नाव हमखास राहतं, आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तुझं नाव राहतं, दोन्ही साफ कर. कव्हर लेटर दहा ओळींचं पुरे. एका वेळी एकाच जर्नलला, हे अगदी ठाम.

रिजेक्ट झालं तर दोन दिवस वाईट वाटू दे आणि कमेंट्स वापरून दुसरीकडे पाठव. रिव्हिजन आली तर ती चांगली बातमी आहे, बरेच रेसिडेंट लांबलचक कमेंट्स बघून घाबरतात आणि महिना घालवतात. प्रत्येक कमेंट कॉपी कर, त्याखाली उत्तर, त्याखाली पान आणि ओळ नंबर. पटत नसेल तर कारण देऊन नाही म्हण, तेही मान्य होतं, पण एकही कमेंट गाळू नकोस.

आता पोस्टरचं. कॉन्फरन्समधलं पोस्टर किंवा ॲब्स्ट्रॅक्ट आधी प्रसिद्ध झालं असं सहसा धरत नाहीत, थीसिसचंही तेच, फक्त टायटल पेजवर कुठल्या कॉन्फरन्सला कधी सादर केलं ते एका ओळीत सांग. तू पाठवलेलं पोस्टर मी बघितलं. त्यातल्या वयोगटाच्या टेबलात टक्क्यांची बेरीज १०३ होतेय आणि '३० ते ४०', '४० ते ५०' असे गट केलेत, म्हणजे चाळीस वर्षांचा पेशंट दोन्हीकडे मोजला गेला असणार. मास्टर चार्टवरून ते टेबल नव्यानं कर, बाकीची टेबलंही तशीच तपास, आणि मगच पहिली ओळ लिहायला घे.