चौथीतला जादूगार

प्रश्न असा आला आहे : ‘आम्ही मित्र डंजन्स अँड ड्रॅगन्स मराठीतून खेळतो. पात्राची लेव्हल वाढते, तिला पातळी म्हणावे की स्तर? आणि किती बैठकींनी ती वाढवावी?’ (ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी : प्रत्येकाने एक कल्पित पात्र व्हायचे आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. पात्र बळावत जाते तशी त्याची लेव्हल वाढते.)

पातळी नको. ती आधी डोक्यातून काढा. ‘माझ्या योद्ध्याची पातळी वाढली’ असे कोणी म्हटले की मला कोल्हापूरचा राजाराम बंधारा दिसतो : 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. पातळी वाढते ती पाण्याची. माणूस पातळीशी संबंध ठेवतो तो बहुतेक भांडताना, आणि तेव्हा तो ती सोडतो तरी किंवा खालच्या पातळीवर उतरतो तरी.

‘स्तर’वाल्यांची तऱ्हा वेगळी. ‘स्तृ’ म्हणजे पसरणे, अंथरणे. त्यातून स्तर, आणि तोच झिजून आपला थर. दहीहंडीचे थर लागतात, कोसळतात. ‘उन्नत’ होत नाहीत. तरी एका परिभाषाकारांनी मला ‘स्तरोन्नती’ हा शब्द शास्त्रशुद्ध म्हणून ऐकवला. असेल बापडा. फासे टाकून ड्रॅगन लोळवल्यावर ‘माझी स्तरोन्नती झाली!’ असे ओरडून दाखवा, मग बोलू.

खरा शब्द तुम्ही लहानपणी दरवर्षी जूनमध्ये वहीच्या पहिल्या पानावर लिहीत होता : इयत्ता.

संस्कृतात ‘इयत्’ म्हणजे एवढे. त्याला ‘ता’ लागला की इयत्ता, म्हणजे एवढेपणा. मोज, माप, मर्यादा. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम विमानातून सीतेला समुद्र दाखवतो आणि म्हणतो, विष्णूसारखेच याचेही रूप ‘असे आहे’ म्हणून ठरवता येत नाही, ‘एवढे आहे’ म्हणूनही नाही. तिथे ‘एवढे’साठी कालिदासाने वापरलेला शब्द आहे ‘इयत्तया’. ज्या शब्दाने समुद्राला माप लावून पाहिले आणि हात टेकले, त्याला आपण ‘इ. 4 थी, तुकडी ब’ इतक्यावर आणून बसवले! आणि लेव्हल तरी काय सांगते? हा योद्धा आजच्या घडीला एवढा आहे, एवढेच. लॅटिन ‘लिबेला’ म्हणजे छोटा तराजू किंवा गवंड्याची पाणसळ. इंग्रजी लेव्हल तिथून आली. म्हणजे ती मुळात सपाटी पाहणारी. वर चढण्याशी तिचे देणेघेणे नव्हते.

‘शाळकरी वाटते’ ही तक्रार येणार. वाटू दे की! त्या शब्दामागून सगळी शाळा फुकट येते. एक्सपीला (एक्सपीरियन्स पॉइंट्स, ज्यांच्या बेरजेवर लेव्हल वाढते) गुण म्हणा. जादूगार चौथीत गेला म्हणा. आणि ज्याला लोक सर्रास ‘माइलस्टोन’ म्हणतात (चुकीचे, खेळ चालवणाऱ्यासाठीच्या 2014 च्या नियमपुस्तकात, म्हणजे डंजन मास्टर्स गाइडमध्ये, माइलस्टोन गाठल्यावरही एक्सपीच मिळतात, आणि गुण न मोजता कथेच्या ओघात वर चढवण्याची पद्धत तिथे वेगळी सांगितली आहे), त्या बिनगुणांच्या बढतीला मराठीत शब्द तयार आहे : ढकलपास.

लेव्हल या एका शब्दावर किती ओझे आहे हे या खेळाच्या जनकांपैकी एक, खुद्द गॅरी गायगॅक्स, याला कळत होते. 1978 च्या प्लेयर्स हँडबुक या खेळाडूंच्या नियमपुस्तकात तो सांगतो की पात्राला ‘रँक’, मंत्राला ‘पॉवर’, राक्षसाला ‘ऑर्डर’ असे वेगवेगळे शब्द योजायचे मनात होते. लेव्हल फक्त भुयाराच्या मजल्यांना राहिली असती. पण चारही अर्थ खेळणाऱ्यांच्या तोंडी बसलेले, म्हणून त्याने बेत सोडला. त्याची अडचण आपल्याला नाही. ‘नववीतल्या योद्ध्याला आठव्या तळघरात सातव्या प्रतीचा राक्षस भेटला आणि योद्ध्याने राक्षसावर चौथ्या मात्रेचा मंत्र टाकला.’ कुठे अडखळलात? मंत्राला ‘मात्रा’ हा माझा लाडका शब्द आहे, वैद्यांकडून उसना घेतलेला. त्यावर पुन्हा कधीतरी.

हो, वेग राहिलाच. त्या डंजन मास्टर्स गाइडप्रमाणे, चार तासांची बैठक धरून : पहिल्या बैठकीनंतर दुसरी, आणखी एकीनंतर तिसरी, मग दोन बैठकींनी चौथी, पुढे दर दोन-तीन बैठकींना एक इयत्ता. गुण मोजणार असाल तर 2014 च्या नियमांत दुसरीला 300, तिसरीला 900, चौथीला 2,700 आणि विसावीला 3,55,000 लागतात. त्या तक्त्यात एक गंमत आहे. दहावीतून अकरावीत जायला 21,000 गुण हवेत, पण अकरावीतून बारावीत जायला 15,000 पुरतात. दहावीनंतर सगळेच जरा सैलावतात.