हाक मारायला शिक

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, नाकावर माशी बसली तरी आईला हाक मारायची का?" हे विचारताना तू आवाज बारीक केलास, कारण आई शेजारच्या खोलीत होती. तेवढ्यावरून मला कळलं की हाका टाळून टाळून तू बरंच काही सोसतो आहेस.

1998 साली पसरणी घाटात आमची वडाप जीप उलटली तेव्हा मी 24 वर्षांची होते. मान मोडली, सी-6, म्हणजे मानेचा सहावा मणका. विहिरीत सूर मारताना तुझा मार सी-5, सी-6 ला बसला, म्हणजे आपलं दुखणं जवळपास एकच. खांदा हलतो, कोपर वाकतं, मनगट थोडंफार वर येतं. बोटं ऐकत नाहीत आणि छातीखालचं काही कळत नाही.

पहिलं दीड वर्ष मीही माशी बसू दिली. तहान लागली तरी पाणी मागायचे नाही. पाणी प्यायलं की लघवी, लघवी म्हणजे कॅथेटर, ती काढायची नळी, आणि कॅथेटर म्हणजे पुन्हा आईच. शेवटी मूत्रमार्गात संसर्ग होऊन हुडहुडी भरून ताप आला. रात्री कूस बदलायलाही तिला उठवेनाशी झाले, कारण दिवसभर राबून ती नुकती आडवी झालेली असायची. माकडहाडापाशी लाल डाग पडला, मग जखम झाली. ती भरायला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांचं रोजचं ड्रेसिंग आईनेच केलं. तिची थोडी झोप वाचवायला गेले आणि तिच्यावर केवढं काम टाकलं, ते आजही मला बोचतं.

म्हणून सांगते, हाक मारणं हे आता तुझं काम आहे, आणि ते नीट शिकावं लागतं. "जरा सरकव" म्हटलं तर समोरच्याला काय कळणार? "एक हात खांद्यामागे, दुसरा कमरेखाली, मी तीन म्हटल्यावर डावीकडे वळव, मग दोन गुडघ्यांमध्ये उशी आणि टाचा गादीपासून मोकळ्या." असं सांगता आलं, की कधीही हे काम न केलेला माणूससुद्धा तुझी कूस बदलू शकतो. माझ्याकडे गेल्या काही वर्षांत मदतीला चार बायका येऊन गेल्या. प्रत्येकीला मी पलंगावर पडल्या पडल्या शिकवलं. करणारे हात त्यांचे, पण काय, कधी आणि किती हे मी ठरवते. माझ्या लेखी स्वावलंबन ते हेच, आणि मला ते पुरेसं खरं वाटतं.

एक गोष्ट मात्र अशी आहे, की ती सांगता येण्यावर जीव अवलंबून असतो, म्हणून नीट वाच. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, मानेवर घाम फुटला, तर रक्तदाब भराभर चढतोय असं समज. खाली कुठेतरी काहीतरी बिघडलंय, ते आपल्याला जाणवत नाही म्हणून शरीर असं ओरडतं. बहुतेक वेळा लघवी तुंबलेली असते. लगेच उठवून ताठ बसवायला सांग, पाय खाली सोडायला, पट्टे आणि कपडे सैल करायला सांग. मग कॅथेटरची नळी कुठे मुडपली आहे का, बॅग भरली आहे का, ते बघायला सांग. त्यानंतर पोट साफ झालंय का, कुठे काही रुततंय का, ते. तरीही रक्तदाब उतरला नाही तर तडक दवाखाना. तिथे डॉक्टरांना ठामपणे सांग की माझा नेहमीचा वरचा रक्तदाब 100 च्या आसपास असतो, त्यामुळे 140 माझ्यासाठी जास्त आहे. मला एकदा "टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपवून ठेवलं होतं. आडवं केल्याने तो आणखी चढतो. हे सगळं एका कागदावर लिहून खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेव.

उन्हाळा जड जाईल. छातीखाली घाम येत नाही, म्हणून अंग तापतच राहतं. ओला पंचा मानेवर ठेवायला सांग आणि दुपारी बाहेर पडू नकोस. लग्नाच्या हॉलला पायऱ्या असतात, म्हणून घरच्यांनी तुला परस्पर मागे ठेवलं तर राग येईल. तो येऊ दे, आणि बोलून दाखव. यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं, काम भावाकडे सोपव. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत आपल्यासाठी किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, आणि तुझं कॉलेज अर्धवट राहिलंय.

लोक तुला मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतील. 1965 च्या लढाईत गोळ्या लागल्या, आणि 1972 साली हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण त्यांचे हात त्यांच्या सोबत होते. तुझ्या दिवसाचं माप त्या पदकाने काढू नकोस. पुण्यात खडकीला जखमी जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, 1974 पासूनचं. तिथे मानेखाली लुळे पडलेले जवान तोंडात ब्रश धरून चित्रं काढायला शिकले. आपल्या हिशेबाला ते जास्त जवळचं.

आता हाताबद्दल. मनगट वर उचललंस की बोटं आपोआप थोडी मिटतात, आणि मनगट सोडलं की उघडतात. तुझ्या लक्षात आलं असेल. मनगटात पुरेसा जोर आला की याच चालीवर पकड मिळते. म्हणून व्यायाम देणाऱ्याला आत्ताच सांग, की मनगट मागे वळवलेलं असताना बोटं ताणून सरळ करायची नाहीत. बोटं मिटवणारे स्नायू थोडे आखडलेलेच आपल्याला हवेत. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी असंच मनगट उचलून बिस्किट धरलं. ते तोंडापर्यंत येताना दोनदा पडलं, आणि तिसऱ्यांदा मी खाल्लं. आई दारात उभी राहून बघत होती, आणि मदतीला पुढे आली नाही. त्या न येण्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे.

अपघाताआधी मी नुकतीच शाळेत लागले होते. आता घरीच दहावीचं बीजगणित शिकवते. फळ्यावर मला लिहिता येत नाही, म्हणून मुलं लिहितात आणि मी सांगते. कुठलं पद कुठे न्यायचं, चिन्ह का बदलायचं, सगळं शब्दात. पहिल्या वर्षी मला याची फार लाज वाटायची. मग दिसलं की मुलंही पायरी न पायरी मोठ्याने बोलून गणित सोडवू लागली आहेत, आणि जिथे अडतात तिथे नेमकं कुठे अडलं ते त्यांना सांगता येतंय. कूस बदलायला सांगता सांगता मी शिकवायला शिकले. पायांवर उभी असते तर मी भराभर लिहून पुसणारी बाई झाले असते, असं मला मनापासून वाटतं.

आईबद्दल एक सुचवते. आमच्याकडे दुपारी चार ते पाच आईने माझं कुठलंच काम करायचं नाही, असं ठरवलं होतं. त्या तासाला चुलतबहीण थांबायची. आई नुसती जवळ बसायची, शेंगा सोलायची, गावातलं सांगायची. त्याआधी कितीतरी दिवस आम्ही लघवी, औषध आणि उशी सोडून दुसरं बोललोच नव्हतो. तुमच्याकडेही असा तास काढता येईल.

आज रात्री दोनला हाक मार. आठवड्यातल्या दोन रात्री भावाला दे. त्याला जमत नसेल तर रविवारी चारला व्हिडिओ कॉल करा. मोबाईल आईला धरायला लावू नकोस, स्टँडवर ठेवा. कूस कशी बदलायची ते तू त्याला सांग. मी ऐकत राहीन, आणि तू कुठे अडलास तरच बोलेन.

तुझी,
मावशी