इंग्लंडमधील हौशी वाद्यवृंदाच्या मैफलीला सार्वजनिक निधी मिळू शकतो का?

मिळू शकतो. कलांना सार्वजनिक निधी देणाऱ्या ‘आर्ट्स कौन्सिल इंग्लंड’ या संस्थेच्या ‘नॅशनल लॉटरी प्रोजेक्ट ग्रँट्स’ योजनेत १,००० ते १,००,००० पौंडांसाठी अर्ज करता येतो. मात्र साधारणपणे एकूण खर्चाचा किमान १० टक्के भाग तिकीटविक्री, देणग्या किंवा स्थानिक परिषदेची मदत अशा अन्य मार्गांनी उभा करावा लागतो. केवळ सभासदांच्या नेहमीच्या तालमींसाठी पैसे मागू नयेत, कारण श्रोत्यांना आणि परिसराला काय मिळणार, हे अर्जातून स्पष्ट दिसावे लागते. म्हणून वाद्यवृंद-संचालकाचे (कंडक्टरचे) मानधन, सभागृहाचे भाडे, टिंपनीसारख्या अवजड वाद्यांची वाहतूक आणि शाळकरी मुलांसाठीचे सत्र हे खर्च अंदाजपत्रकात वेगवेगळे दाखवावेत. व्यावसायिक वादकांचे मानधन प्रचलित दरापेक्षा कमी लावणे (काटकसर म्हणून तसा मोह होतोच) अर्जाच्या मुळावर येऊ शकते.