पित्त न घालता पापाइतान करता येईल का?

ऑफिसातला फिलिपिनो सहकारी जेवायला येतोय, त्याच्यासाठी बोकडाच्या वजडीचं पापाइतान, म्हणजे तिकडचं पित्त घातलेलं कडू-आंबट सार, करायचंय, पण पित्त टाळता येईल का आणि वास कसा घालवायचा, असं तुम्ही विचारलंय. पित्ताचं आधी सांगते: नाही टाळता येणार. पित्त काढलंत की उरतं ते वजडीचं आंबट सार. चांगलं लागेल, पोटभर खाल, पण त्याला पापाइतान म्हणू नका.

माझं सासर फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या इलोकोस नॉर्टेचं. तिथली माणसं कडू आवडीनं खातात, कारल्याचा पालासुद्धा भाजीत घालतात. बोकड कापला की कातडी आणि थोडं मांस किलावेनला, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या आंबट पदार्थाला जातं, बाकीच्या मांसाचं काल्देरेता, म्हणजे रस्सा होतो आणि पोटातलं सगळं पापाइतानला. हे काम बहुतेक पुरुषांचं. सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं तेव्हा अंगणात बोकड कापले होते आणि माझे थोरले दीर, आमचे मानोंग, चुलीपाशी होते. मनिलाहून आलेली मोठी नणंद सारखी येऊन सांगत होती, पित्त घालू नका, शहरातले पाहुणे आहेत, शिवाय ही भारतातली, हिला कसं जाणार! मी तेव्हा नळाखाली वजडीच धूत होते. गरम पाण्यात बुडवून काढायची, बोटाला चटका बसेल इतपतच गरम, आणि चमच्याच्या कडेनं काळा थर खरवडायचा. खालून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पांढरी जाळी दिसेपर्यंत. पाणी जास्त उकळतं असलं तर थर उलट घट्ट बसतो. हे मला कुणी तिथे शिकवलं नाही, मी माहेरी आजीच्या हाताखाली शिकले. मानोंगनी वजडी उलटीपालटी करून बघितली आणि काही न बोलता आतड्यांची टोपलीही माझ्याकडे सरकवली.

नणंदेचं सुरूच होतं: हे गरिबांचं खाणं, दारू पिणाऱ्यांचं खाणं. अगदी हेच शब्द मी मिरजेला काकूच्या तोंडून ऐकले होते. आपल्याकडे तर कोण वजडी खातं यावरून माणसाची जात काढतात, डब्यात वजडी दिसली की शेजारची मुलगी बाक बदलते. म्हणून मला तिचं बोलणं लागलं. शेवटी सासूबाईच उठल्या, पित्ताची पिशवी मागून घेतली आणि स्वतःच्या हातानं थोडं थोडं घालून चाखत राहिल्या. त्या वयात उभं राहवत नव्हतं त्यांना, तरी चव जमेपर्यंत बसल्या नाहीत.

आता तुमचं. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर पित्ताची पिशवी तो फेकून देतो. कलेजीपासून ती न फाटता निघाली पाहिजे, फुटली तर कलेजी वाया. आतडी काडीनं उलटी करून मीठ आणि व्हिनेगर लावून चोळा. वजडी, आतडी, फुफ्फुस आल्याचे तुकडे आणि पेरूची पानं घालून एकदा उकळा आणि ते पाणी ओतून द्या. वास तिथेच जातो. गरम मसाल्यानं वास झाकायला जाऊ नका, त्यानं पदार्थच बदलतो. मग सगळं नखाएवढं बारीक चिरायचं. लसूण, कांदा आणि भरपूर आलं परतून वजडी मऊ शिजवा, कुकर चालेल. कलेजी शेवटची पाच मिनिटं. आंबटपणाला चिंच किंवा बिलिंबी. तिकडेही बिलिंबीच घालतात, कोकणातून कुणी येणार असेल तर मागवाच. हिरव्या मिरच्या अख्ख्या. पित्त किलोभर वजडीला एका चमच्यापासून सुरू करा, चाखत वाढवा, नंतर दहा मिनिटं उकळू द्या.

काही जण आतड्यातला अर्धवट पचलेला पालाही गाळून, उकळून घालतात. शहरात दुकानातून आणलेल्या वजडीला ते करू नका, बोकड काय खाऊन आला ते कळत नाही.

मूळ बोकडाचंच हवं असंही नाही, इलोकोसातल्याच विगन शहरात सकाळी सिनांगलाव नावाचं असंच सार मिळतं ते गाई-बैलाच्या आतड्या-काळजाचं. नणंद आता मनिलात पाकिटातली चिंच पावडर घालून, पित्ताशिवाय करते आणि पाहुण्यांनी वाखाणलं म्हणून सांगते. पाहुणे दुसरं काय म्हणणार? इलोकोसचा माणूस पहिल्या घोटाला ओळखेल.

हो, आणि युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल किंवा गाऊट असेल त्यांनी हे खाऊ नये, सासरी दोघांना बंदच आहे. माशाचं पित्त चुकूनही वापरू नका, काही माशांचं विषारी असतं. काही ठिकाणी यात रक्तही घालतात. पाहुणा इग्लेसिया नी क्रिस्तो या तिकडच्या ख्रिस्ती पंथाचा असेल तर ते रक्त खात नाहीत, तेवढं त्याला आधी विचारून घ्या.